जुन्या गाडीचं सस्पेन्शन : सरसकट बदलायचं की शोधून बदलायचं?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

गाडी २००८ ची पेट्रोल स्विफ्ट, पहिल्यापासून आमच्याच घरात. रनिंग एक लाख अठरा हजारांच्या आसपास. २०२३ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, पर्यावरण करही भरला. इंजिन उत्तम आहे, एसी गार आहे, पत्र्याला गंज नाही. गाडी विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे.

राहायला चिपळूणला. कुंभार्ली घाटातून कराडला वरचेवर जाणं असतं, शिवाय महामार्गाचं काम आणि त्याची वळणं आहेतच. दोन पावसाळ्यांपासून पुढून आवाज येतोय. बारीक खडीवर डावीकडून डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट. मोठ्या खड्ड्यात चाक गेलं की 'धप्प'. ब्रेक लावला की गाडी किंचित डावीकडे ओढते. घाटात उतरताना वळणावर पुढचा भाग तरंगल्यासारखा वाटतो, हे हल्ली सुरू झालंय आणि त्याचीच मला जास्त काळजी आहे.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी एक फेरी मारली आणि यादी दिली : पुढचे दोन्ही शॉकप (धक्के जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर), माउंटिंग, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे हात), लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी), टाय रॉड एंड (स्टीअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) आणि स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग). गाडी जॅकवर घेतलीच नाही. आकडा इतका मोठा आहे की गाडीच्या आजच्या किमतीचा चांगलाच हिस्सा त्यात जाईल. खर्चाला ना नाही. पण जे खराब आहे तेच बदलावं आणि जे बदलू ते नीट बसवावं असं वाटतं. रॅक खरंच गेला असेल का? कोणता भाग आधी, कोणता नंतर? जाणकारांनी सांगावं.

पाना नंबर चौदा

वाशिष्ठीकाठ, गॅरेज सांगलीला, बरीच वर्षं हेच काम करतोय. गाडी जॅकवर न घेता सस्पेन्शनची यादी देता येत नाही. रॅकचं नाव तर सगळ्यात शेवटी घ्यायचं असतं, कारण सगळ्यात महाग तोच आणि चुकीचा दोष त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळा येतो.

आधी सस्पेन्शन सोडून बाकीचं बाजूला काढा. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढीच आहे का बघा. जास्त हवेनं चांगलं सस्पेन्शनसुद्धा आदळतं. डिकीतला जॅक, स्टेपनी आणि पाना घट्ट बांधा. मग आवाज येतो त्या रस्त्यावर हळू जाताना ब्रेक पेडल नुसतं हलकं टेकवून बघा. आवाज तेवढ्यापुरता थांबला तर तो कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांचा किंवा ब्रेक पॅडचा आहे, सस्पेन्शनचा नाही. ब्रेकला गाडी ओढते म्हणालात, तर थोडी फिरवून आणल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या. एक बाजू खूप तापली असेल तर कॅलिपर अडकतोय. त्याचं काम वेगळं आणि स्वस्त.

आता आवाजाची ओळख. फक्त एक चाक वर-खाली होतं तेव्हा खडखड, आणि दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावरून गेली की गप्प, असं असेल तर बहुतेक लिंक रॉड. दोन्ही चाकं सारखी उचलली गेली की स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी बाजू जोडणारी दांडी) पिळत नाही, नुसता फिरतो, मग लिंकवर जोर येत नाही. म्हणूनच लिंक रॉड तपासताना एकच चाक उचलू नका. एक चाक लटकलं की बार ताणला जातो आणि लिंकचा खुळखुळा दबून जातो. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून लिंक हातानं हलवायची, खराब असेल तर हाताला लगेच कळतं.

गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा 'टण्ण' आवाज येतो? मग स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकपच्या एकत्र खांबाच्या) वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग. एकानं बॉनेट उघडून माउंटिंगवर हात ठेवायचा, दुसऱ्यानं स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. खराब बेअरिंगचा झटका तळहाताला लागतो.

पूर्ण वळवून निघताना 'कट कट कट' येतं ते ड्राइव्ह शाफ्टचं. वेगाबरोबर वाढणारी घरघर व्हील बेअरिंगची. क्लच सोडताना धक्का बसत असेल तर इंजिन माउंटिंग बघा. ही तिन्ही दुखणी लोक सस्पेन्शनच्या नावावर घालतात.

यानंतर गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, कुणीही आणि कधीही. चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनवर धरून हलवा. खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या बाजूचा जोड. त्याच वेळी दुसऱ्याला टाय रॉड एंडवर बोट ठेवायला सांगा. बोटाखाली हालचाल लागली तर तो एंड गेला, रॅक नव्हे. मग बारा आणि सहावर धरून हलवा. इथे खेळ असेल तर आत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा). शेवटी टॉमी (लोखंडी पहार) घेऊन लोअर आर्म पुढे-मागे रेटा आणि मागच्या मोठ्या बुशकडे (जोडात बसवलेल्या रबरी तुकड्याकडे) बॅटरी मारून बघा. रबर फाटलेलं असेल तर भेग उघडते. ब्रेकला ओढणं आणि घाटात तरंगणं, या दोन्हींचा माझा पहिला संशय या बुशवर आहे. ते फाटलं की ब्रेक लावताना चाक मागे सरकतं, चाकांची दिशा बदलते आणि गाडी एका अंगाला जाते.

शॉकप बघताना रबरी बूट वर सरकवून बघा. दांड्याजवळ तेलाचा पुसटसा ओलावा असतो, त्यानं घाबरू नका. नळीवरून ओघळ खाली आलेला आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर झालेला असेल तर तो संपला.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये खेळ सापडला तर घाटाची फेरी रद्द करा आणि आधी ते काम करा. ते सुटलं तर चाक हातात राहत नाही. बाकी सगळं दोन आठवडे थांबलं तरी चालतं.

सदाफुली

पाना नंबर चौदा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे २०११ ची वॅगन आर आहे. मी एकटीच गॅरेजला जाते आणि नेमकं काय सांगायचं ते कळत नाही. 'आवाज येतो' एवढंच सांगितलं की समोरचा मनाला येईल ते बदलतो.

पाना नंबर चौदा

सदाफुलीताई, चार गोष्टी लिहून न्या. आवाज कोणत्या कोपऱ्यातून, कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर आणि ब्रेक किंवा स्टीअरिंगनं त्यात काय फरक पडतो. मेकॅनिकला शेजारी बसवून, आवाज येतो त्याच रस्त्यावरून तुम्ही स्वतः गाडी चालवा. काढलेला जुना भाग परत मागायचा आणि त्यातला खेळ हातात घेऊन बघायचा. चांगला कारागीर आपणहून दाखवतो.

देशावरचा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. माझ्या जुन्या सँट्रोला नेमकं हेच झालं होतं. खडखड ऐकून शॉकप बदलायला निघालो होतो, भावानं थांबवलं. लिंक रॉडची जोडी टाकली, काही शे रुपयांत आवाज बंद झाला. लिंक रॉड सगळ्या गाड्यांना नसतो हेही लक्षात ठेवा. मारुती ८०० आणि जुन्या झेनमध्ये स्टॅबिलायझर बारचं टोकच बुशमधून लोअर आर्ममध्ये बसतं, तिथे बुश बदलायचे असतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. धुलाई केंद्रावर पावसाळ्याआधी गाडीच्या खालून डिझेल आणि वापरलेलं इंजिन ऑइल फवारून देतात. गंज लागू नये म्हणून आपल्याकडे ही पद्धत पूर्वापार चालत आली आहे. पत्र्याचं त्यानं काय भलं होतं ते होवो, पण रबराचं मात्र वाटोळं होतं. डिझेलनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि भेगाळतं. तुमच्याकडे अशी फवारणी होत असेल तर आजच बंद करा. गंजासाठी रबर सोडून मारायचे लेप मिळतात, ते मारून घ्या.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. काल दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली आणि वर लिहिलेल्या क्रमानं सगळं माझ्यासमोर तपासून घेतलं. तिथले काका शांतपणे एकेक भाग दाखवत होते, मला दोन ठिकाणी हात लावून बघायला लावला.

निघालं ते असं. दोन्ही लिंक रॉड सैल, डावा तर उघडउघड खुळखुळतोय. डाव्या लोअर आर्मचं मागचं बुश अर्ध्याहून जास्त फाटलंय. उजवं फाटलेलं नाही, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्यात. बॉल जॉइंट दोन्ही ठीक, फक्त डाव्याचा रबरी बूट चिरलाय आणि ग्रीस बाहेर आलंय. नऊ आणि तीनवर डाव्या चाकाला खेळ होता. बोट ठेवून बघितलं तर टाय रॉड एंड. रॅकला काहीही झालेलं नाही! शॉकपपैकी उजवा गळतोय, डावा कोरडा आहे.

रिमला हात लावून बघितला, दोन्हीकडे सारखंच कोमट. म्हणजे ओढणं बुशचंच.

पुढचे प्रश्न : नुसतं बुश बदलावं की आख्खा आर्म? एकच शॉकप गळतोय, तर एकच बदलला तर चालेल का?

मावळतीचा वारा

शॉकपवर एवढा खर्च कशाला करताय? आमच्याकडे एक जण जुने शॉकप उघडून तेल भरून देतो, निम्म्याहून कमी पैशांत. आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर मिळतात ते बसवा, गाडी अर्धा-पाऊण इंच उचलली जाते, खड्ड्यात खाली घासत नाही. माझ्या गाडीला बसवलेत, समाधानी आहे.

पाना नंबर चौदा

मावळतीचा वारा, तुमचं समाधान मला पटतं. गाडी उचललेली दिसते आणि लगेच फरक जाणवतो. पण माझं मत ठामपणे वेगळं आहे.

शॉकपमध्ये तेल बारीक झडपांमधून ढकललं जातं आणि त्यात स्प्रिंगची उसळी जिरते. झिजतात त्या झडपा, सील आणि दांडा. नळीला भोक पाडून तेल भरलं आणि वेल्डिंग मारलं की जुन्या झडपा आत तशाच राहतात, गॅस गेलेला असतो तो गेलेलाच राहतो. दोन्ही बाजूंना सारखा दाब मिळेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. पुढच्या शॉकपवर तर हा प्रयोग मुळीच नको, कारण मॅकफर्सन स्ट्रटमध्ये तो नुसता शॉकप नसतो. चाकाला वरून धरून ठेवणारा हातही तोच आणि स्टीअरिंग फिरतं तो अक्षही तोच.

रबरी बफरनं वेटोळ्यांचा काही भाग काम करेनासा होतो. स्प्रिंग तेवढी ताठ होते आणि उरलेल्या वेटोळ्यांवर जास्त ताण येतो. जुन्या, गंज धरलेल्या स्प्रिंगला हे सोसत नाही. ताठ झालेल्या स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकपमध्येही तेवढा जोर नसतो. गाडी खरंच खाली बसली असेल तर चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंना टेपनं माप घ्या. डाव्या-उजव्यात ठळक फरक आला तर स्प्रिंगची जोडी बदला.

वाशिष्ठीकाठ, शॉकप नेहमी जोडीनं. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला लाखभर किलोमीटर चाललेला, अशी गाडी ब्रेक आणि वळणावर दोन वेगळ्या पद्धतींनी वागते. पुढची जोडी आता बदला, मागची ठीक असेल तर राहू द्या. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळ अडवणारा बूट याच वेळी नवे टाका. स्ट्रट एकदा खाली उतरला की मजुरी तीच पडते. बंप स्टॉपकडे विशेष लक्ष द्या. तो फोमचा असतो, वयानं त्याचा भुगा होतो, मग मोठ्या खड्ड्यात स्ट्रट धातूवर धातू आदळतो. तुमचा 'धप्प' बहुधा तिथलाच.

ब्रँडचं म्हणाल तर मारुतीचे जेन्युइन घ्या किंवा गॅब्रिएल, मन्रो, केवायबी यांपैकी मिळेल ते, फक्त पक्क्या बिलावर. खोटे खोके बाजारात भरपूर आहेत.

टेम्सकाठ

मूळचा कराडचा, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. कुंभार्ली घाटाचं नाव वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

इकडे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची सक्तीची तपासणी असते. गाडी उचलून बुश, बॉल जॉइंट, स्प्रिंग, शॉकप सगळं बघतात. २० मे २०१८ पासून दोषांची प्रतवारी केली जाते : धोकादायक, मोठा आणि किरकोळ. शिवाय 'लक्ष ठेवा' अशी सूचना वेगळी लिहून देतात. मला ही शेवटची नोंद फार उपयोगाची वाटते. बुशला भेगा दिसू लागल्या की कागदावर येतं, गाडी पास होते, आणि पुढच्या वर्षापर्यंत पैशांची सोय करायला माणसाला वेळ मिळतो. आपल्याकडे खाजगी गाडीला पंधरा वर्षांपर्यंत कुणी खालून बघतच नाही. तेव्हा ही नोंद आपली आपण ठेवावी. दर सर्व्हिसला खालून फोटो काढून ठेवला तरी वर्षभरात रबर किती उतरलं ते कळतं.

इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटणं नेहमीचं आहे. कोकणात समुद्राच्या हवेनं तसंच होत असणार. नवे शॉकप टाकताना स्प्रिंगचं खालचं टोक घासून, पुसून नीट बघून घ्या.

मॅकफर्सनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास इथल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमधून रस्त्यावर आली. कमी भाग आणि कमी जागा, म्हणून जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती उचलली. भाग कमी म्हणजे प्रत्येकावर जबाबदारी जास्त, म्हणूनच एक बुश फाटलं तर सगळी गाडी तक्रार करते.

उद्यमनगरी

कोल्हापूरहून. आमच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे, आर्मची बुश दाबण्याचं काम रोजचं आहे. त्यामुळे 'नुसतं बुश की आख्खा आर्म' याचं उत्तर देतो.

बॉल जॉइंट घट्ट असेल, बूट शाबूत असेल, आर्म कुठे वाकलेला नसेल तर चांगलं बुश प्रेसवर दाबून घेतलेलं उत्तम. पण तुमच्या डाव्या बॉल जॉइंटचा बूट चिरलाय. आत पाणी आणि माती गेली असणार. आज खेळ नाही, पण पुढच्या पावसाळ्यात तो येणारच. बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंट आर्मशी जखडलेलाच येतो, तेव्हा डावीकडे आख्खा जेन्युइन आर्म टाका. उजवीकडे बॉल जॉइंट चांगला आहे, तिथे नुसती बुश दाबून घेतली तरी चालतील. आर्म बाबतीत डावं-उजवं सोबतच बदललं पाहिजे असं नाही, फक्त दोन्हीकडे रबर नवं हवं. निनावी स्वस्त आर्म मात्र घेऊ नका. पत्रा पातळ असतो आणि बॉल जॉइंट लवकर ढिला पडतो.

बुश हातोडीनं ठोकून बसवू देऊ नका. बाहेरची नळी चेपते आणि रबर जागेवरच फाटतं. मागच्या बुशमध्ये रबराला मुद्दाम पोकळ फटी ठेवलेल्या असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते. काढण्याआधी जुन्या बुशच्या फटी कुठे आहेत त्याची आर्मवर खूण करायची आणि नवं त्याच कोनात दाबायचं. फटी आडव्याच्या उभ्या झाल्या तर नवं बुशसुद्धा गाडीला बिघडवतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे लक्ष देऊन काम करणारी माणसंसुद्धा विसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बुशमधलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा बुश फिरत नाही, रबर पिळतं आणि सुटतं. बोल्ट आवळला की आतली नळी चॅसिसला जखडली जाते, आणि ज्या अवस्थेत ती जखडली ती रबराची विश्रांतीची अवस्था ठरते. गाडी लिफ्टवर आहे, चाकं खाली लटकली आहेत आणि तशातच कुणी बोल्ट कचकचून आवळला, तर गाडी जमिनीवर टेकताक्षणी रबर पिळलेलं असतं. रात्रभर घरासमोर उभी असली तरी पिळलेलंच. प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळतं. नवं बुश वर्षभरात फाटतं आणि दोष बुशच्या कंपनीला जातो.

तेव्हा आर्मचे बोल्ट आधी हातापुरते बसवायचे. मग गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे थोडी ढकलायची, दोनदा बॉनेट दाबून सस्पेन्शन बसू द्यायचं, आणि गाडीचं वजन चाकांवर असतानाच टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) अखेरचं आवळायचं. चार खांबांची लिफ्ट किंवा रॅम्प असेल तर सोपं जातं. नसेल तर आर्मच्या टोकाखाली जॅक देऊन चाकाची बाजू नेहमीच्या उंचीवर आणायची आणि तिथे आवळायचं. मागच्या टॉर्शन बीमच्या (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) बुशनाही हाच नियम. गॅरेजवाल्यांना हे आधी सांगून ठेवा. चांगला माणूस रागावणार नाही.

पॉलियुरेथेनच्या बुशबद्दल लोक विचारतात. टिकतात जास्त, पण रस्त्याचा प्रत्येक कण आत कळतो आणि ठरलेलं ग्रीस संपलं की करकरतात. घाटात शर्यत लावायची नसेल तर रबरच बरं.

वाशिष्ठीकाठ

उद्यमनगरी, हे छापून गॅरेजमध्ये नेलं. काकांनी पूर्ण वाचलं आणि 'बरोबर आहे, आपण रॅम्पवर आवळू' एवढंच म्हणाले.

काम झालं. डावा आर्म जेन्युइन, उजव्याची बुश कराडला प्रेसवर दाबून आणली, लिंक रॉडची जोडी, दोन्ही टाय रॉड एंड, शॉकपची जोडी, माउंटिंग आणि बंप स्टॉप. जुने बंप स्टॉप बाहेर काढताना बोटांत चुरा झाला. नवे शॉकप बसवण्याआधी काकांनी प्रत्येक उभा धरून दांडा पूर्ण खाली दाबला आणि वर ओढला, असं काही वेळा केलं. दोन नळ्यांच्या शॉकपमध्ये आडवं ठेवल्यानं हवा शिरलेली असते, ती अशी निघते, नाहीतर पहिले काही दिवस तो पोकळ लागतो असं त्यांनी सांगितलं. स्प्रिंग दाबायला दोन्ही बाजूंनी पकडणारा कॉम्प्रेसर वापरला. स्प्रिंग पूर्ण दबून सैल झाल्याशिवाय वरच्या मधल्या नटाला पाना लावला नाही. पोरांना बाजूला उभं केलं होतं.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट. ते केल्याशिवाय गाडी घाटात घालू नका म्हणाले. आर्म आणि टाय रॉड एंड बदलले की चाकांची दिशा बदलतेच, आणि तसंच चालवलं तर नवे टायर आतल्या कडेनं खाल्ले जातात.

रॅक वाचला म्हणून पहिल्या यादीच्या जवळजवळ निम्म्यात काम झालं. कुंभार्ली उतरताना आता गाडी वळणावर आपल्या रेषेत राहते. ब्रेकला सरळ थांबते. आई मागच्या सीटवर बसते, तिनं पोफळीपर्यंत पाठीची तक्रार केली नाही, हे मला सगळ्यात मोलाचं.

एक उरलंय : मागून बारीक 'कुईं' येतं, गाडीत चार माणसं बसली की जास्त.

लाल माती

मी सावंतवाडीचा. मागचं 'कुईं' बहुतेक वेळा टॉर्शन बीमच्या पुढच्या दोन बुशचं नाहीतर शॉकपच्या खालच्या रबराचं असतं. ओळखायची सोपी रीत : साध्या पाण्याची बाटली घ्या, एकेका बुशवर पाणी सोडा आणि दर वेळी कुणालातरी डिकी दाबायला सांगा. ज्या बुशवर पाणी पडल्यावर आवाज थांबला, तोच. ऑइल किंवा पेट्रोलचे स्प्रे मारू नका, रबराला चालत नाहीत. सिलिकॉन स्प्रे चालतो, पण तो तात्पुरता.

आमच्या भागात दुसरी अडचण गंजाची. जांभ्याची लाल माती स्प्रिंगच्या खालच्या वाटीत साचून राहते, ओल धरते आणि वाटी आतून खाते. पावसाळा संपला की चाकांच्या कमानीतून, वाटीतून आणि आर्मच्या पोकळीतून साध्या पाण्यानं माती काढून टाका. फार जोराचा फवारा बूटवर धरू नका, बूट फाटतो. कधी काम काढलंत तर आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगा. आमच्याकडे स्ट्रटचे बोल्ट कापून काढायची वेळ नेहमी येते आणि मजुरी त्यातच वाढते.

सदाफुली

चार गोष्टी लिहून गॅरेजला गेले. माझा आवाज डावीकडून, तीसच्या आसपास, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर, आणि ब्रेक पेडल टेकवलं की थांबतो. त्यांनी शॉकप सांगितला. मी ब्रेकचं सांगितल्यावर चाक काढून बघितलं, तर कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून सैल झाल्यात आणि पॅडची एक क्लिप नाहीच. शॉकप कोरडा आहे. आता विचारायचं ते असं, की पिना फक्त ग्रीस करून चालतील का?

पाना नंबर चौदा

चालतील, पिना झिजलेल्या नसतील तर. पिन बाहेर काढून नखानं बघा, कडा किंवा घळ लागली तर पिन नवी घ्या, रबरी बूट नवे घ्या आणि क्लिप दोन्ही बाजूंच्या घ्या. ग्रीस ब्रेकच्या पिनांसाठी मिळतं तेच, सिलिकॉनचं. साधं पिवळं ग्रीस लावलं तर बूट फुगतात आणि पिन अडकते. पॅड किती उरलेत तेही त्याच वेळी बघून घ्या, चाक उघडलेलंच आहे.

वाशिष्ठीकाठ, मागचं बुश निघालं तर बीम पूर्ण उतरवावा लागत नाही. मागून आधार देऊन पुढची बाजू खाली घेतली की जागेवर बदलणारे लोक आहेत, पण ब्रेकचे पाइप ताणले जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवायला सांगा. आणि आवळणं पुन्हा तसंच, चाकांवर वजन असताना.

वाशिष्ठीकाठ

पाण्याची बाटली घेऊन आत्ताच बघितलं. उजव्या शॉकपचं खालचं रबर. उद्या मागची जोडी मागवतो.